मयत नाही, सबब वैध

पालघर जिल्ह्यात सध्या म्हाताऱ्या माणसांना बरे दिवस आलेत. म्हणजे त्यांच्या जमिनींना आलेत, त्यातले चार शिंतोडे त्यांच्या अंगावर उडतात इतकंच. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान पालघरात येऊन करून गेले. मुंबई-वडोदरा एक्स्प्रेसवे शेतं कापत निघालाय. १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाल्यापासून कलेक्टर कचेरीही जवळ आली. एवढ्या विकासाच्या वाटेत कुठे ना कुठे एक सातबारा आडवा येतो आणि त्यावर एखाद्या म्हातारीचं नाव असतं. जिच्या गुडघ्याची वर्षानुवर्षं कुणी चौकशी केली नाही, त्या गुडघ्यावर आता घरात बैठका बसतात. गुडघा दुखतो का, हा बैठकीचा विषय नसतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीचा जिना चढेल का, हा असतो.

जिना चढणार नसेल तर त्यावर तोड आहे. कुलमुखत्यारपत्र. चिंचणीपासून मनोरपर्यंत त्याला सगळे ‘पॉवर’च म्हणतात. “आयची पॉवर कोणाकडं?” हा प्रश्न हल्ली “आय बरी हाय ना?”च्या आधी येतो.

कागद तसा स्वस्त आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे आई-बाप, नवरा-बायको, भाऊ-बहीण, मुलं-नातवंडं अशा जवळच्या नात्यात, मोबदला न घेता, जमीन विकण्याचा अधिकार द्यायचा तर मुद्रांक ५०० रुपयांचा. तोच अधिकार परक्याला द्यायचा तर खरेदीखताला लागतं तेवढं शुल्क. सरकारचा हिशेब सरळ आहे. परक्याच्या हाती विक्रीचा अधिकार देणारा माणूस मुळात जमीनच विकतोय, आणि नातेवाईक मात्र प्रेमापोटी राबणार आहे. यातला पहिला भाग अनुभवातून आलाय, दुसरा श्रद्धेतून.

पाचशे रुपयांत काय काय देतो आपण? दस्तलेखकाकडे नमुना तयार असतो. जमीन विकणे, गहाण टाकणे, भाड्याने देणे, बँकेत पैसे भरणे, काढणे, कोर्टात दावा लावणे, मिटवणे, नुकसानभरपाई स्वीकारणे, तक्रार करणे, तक्रार मागे घेणे. शेवटी एक ओळ, की वर लिहायचं राहिलं असेल तेही सगळं. म्हातारीला वाचून दाखवताना पहिली आणि शेवटची ओळ वाचतात. मधली साडेचार पानं विश्वासावर. ज्या बाईचा अंगठा रेशनच्या यंत्राला दर महिन्याला पटत नाही, कारण सुके बोंबील आणि मीठ हाताळून बोटांवरच्या रेघाच गेल्यात, तिचाच अंगठा या कागदावर पहिल्या फटक्यात स्वच्छ उमटतो.

आता हा कागद द्यायचा कुणाला? घरोघरी उमेदवार ठरलेले आहेत.

पहिला मान मोठ्या मुलाचा. तो मोठा आहे, एवढी पात्रता आपल्याकडे पुरते. डहाणू लोकलने मुंबईला जातो, रात्री उशिरा येतो आणि प्रत्येक विषयावर “माझ्यावर सोडा” म्हणतो. गेली काही वर्षं सगळं त्याच्यावरच सोडलेलं आहे, म्हणून घराचं छप्पर गळतंय. आसपासच्या चार गावांत गुंठ्याला काय भाव चाललाय, हे त्याला तोंडपाठ आहे. आईला रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, हे विचारलं की तो बायकोकडे बघतो.

दुसरा धाकटा. हा बोईसरला आईजवळच राहतो, एमआयडीसीत शिफ्टमध्ये राबतो. जवळ राहतो, म्हणजे आईच्या पेन्शनवर जगतो, असं लांब राहणाऱ्यांचं एकमत आहे. लांब राहणाऱ्यांना लांबून फार स्पष्ट दिसतं. आईची अंघोळ, अंथरूण, पथ्य, रात्रीची उठबस हे सगळं याची बायको करते. उमेदवारांच्या यादीत तिचं नाव नाही. ती बाहेरून आलेली.

तिसरा न्यू जर्सीत. रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला “ओळखलंस का?” विचारतो. हा प्रश्न प्रेमाचा वाटतो, पण कायद्याच्या दृष्टीने फार गंभीर आहे, त्याकडे पुढे येऊ. तो दर महिन्याला पैसे पाठवतो हे खरं, पण पैशासोबत सूचनाही पाठवतो, आणि सूचनांचा खर्च इथल्यांना पडतो. तिकडे वकिलातीत सही करून त्याने स्वतःच्या वाट्याची पॉवर भावाला दिली, तर तो कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक लावून घ्यायचा असतो. कागद येतो, कपाटात जातो, आणि चौथ्या महिन्यात दोघं भाऊ एकमेकांना विचारतात, तुला माहीत नव्हतं?

चौथी मुलगी. वसईला दिलेली. आईला डॉक्टरकडे हीच नेते, फाइल हिच्याकडे असते, बँकेतला कारकून हिलाच ओळखतो. पण पॉवरचा विषय निघाला की ती सासरची होते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय, हे भावांना माहीत नाही असं नाही. उलट त्यांना फार चांगलं माहीत आहे. म्हणूनच तर मोबदल्याची नोटीस आली की पहिला फोन तिला जातो: “ताई, हक्कसोडपत्रावर सही करायला ये, जेवायलाच ये.” हक्क सोडायला बहिणीची सही चालते. हक्क वापरायला चालत नाही.

पाचवे काका. यांचा बांधाचा एक दावा तीस वर्षं चालला आणि ते तो हरले, म्हणून गावात त्यांना कायद्याचे जाणकार मानतात. प्रत्येक कागद उलटा धरून वाचतात आणि म्हणतात, “यात मेख आहे.” मेख बहुधा त्यांनीच मारलेली असते.

आणि सहावा, ‘आपला माणूस’. नात्यातला नाही, पण घरातल्यापेक्षा जास्त घरात असतो. पांढरा शर्ट, दोन मोबाइल. आधारकार्डातली जन्मतारीख दुरुस्त करून दिली, अॅम्ब्युलन्स यानेच बोलावली, वारस नोंदीचा फेरफार यानेच काढला. एक पैसा घेतला नाही. इथे सावध व्हायला हवं. आपल्या भागात एक पैसा न घेणारा माणूस गुंठ्यांत घेतो.

ही झाली माणसं. आता कागदाकडे बघू, कारण एवढी ओढाताण ज्याच्यासाठी चाललीय त्याची गंमत बहुतेकांना ठाऊकच नसते.

लोक पॉवर कशासाठी करून घेतात? “उद्या आईला काही समजेनासं झालं तर?” यासाठी. आणि भारतीय करार अधिनियम, १८७२, याचं कलम २०१ काय सांगतं? मुखत्यार नेमणारा माणूस वारला किंवा त्याचं मन विकल झालं, की मुखत्यारी संपली. म्हणजे आईला सगळं समजतंय तोवर कागद चालणार, आणि आईला समजेनासं झालं की कागदाचाही जीव गेला. ज्या दिवसाच्या भीतीने तो केला, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. दीडशे वर्षांहून जुना कायदा आहे. तेव्हाच्या मंडळींना म्हातारी माणसं इतकी जगतील याची कल्पना नसावी, आणि आताच्या मंडळींना तो बदलावा असं वाटत नाही.

न्यू जर्सीवाल्याला हे पटत नाही. कारण अमेरिकेत भान गेल्यावरही टिकणारी मुखत्यारी करता येते. इंग्लंड-वेल्समध्येही तशी सोय आहे, आताच्या रूपात १ ऑक्टोबर २००७ पासून. कागद आधी नोंदवून ठेवायचा, आणि माणसाचं भान गेलं तरी नेमलेल्याने कारभार चालवायचा. मग हा तिकडचा नमुना इंटरनेटवरून उतरवतो, त्यातलं ‘न्यू जर्सी’ खोडून ‘पालघर’ लिहितो आणि इथे धाडतो. भावाला वाटतं, अमेरिकेचा कागद आहे, म्हणजे भारीच असणार.

मग इथे भान गेलेल्या माणसाच्या मिळकतीचं करायचं काय? १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयातून मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमून घ्यायची वाट होती. २९ मे २०१८ पासून नवा कायदा लागू झाला. तो रुग्णांच्या हक्कांबाबत जुन्याहून कितीतरी शहाणा आहे. उपचारांसाठी आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवायची सोय त्यात आहे. फक्त मिळकतीचं प्रकरण तेवढं गळलं. त्यामुळे घरच्यांना थेट उच्च न्यायालयात रिट करावं लागतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली अशा प्रकरणांसाठी नियम घालून दिले, आणि २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने कोमात गेलेल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमलं. मोठा दिलासा. आता बोईसरच्या बाईने नवऱ्याच्या खात्यातून त्याच्याच औषधाचे पैसे काढण्यासाठी चर्चगेटची गाडी पकडायची, वकील गाठायचा आणि डॉक्टरांचे दाखले जोडायचे.

थोडक्यात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलतं. कुलमुखत्यारपत्र माणूस शुद्धीत असेतोवर बोलतं. मधल्या काळात, म्हणजे माणूस आहे पण त्याला पोरं ओळखू येत नाहीत, त्या चार-सहा-दहा वर्षांत दोन्ही कागद गप्प.

हे कायद्याने झालं. व्यवहारात मेलेला कागद उठून चालायला लागतो. मुखत्याराने दस्त नोंदवायचा तर त्याला एक घोषणापत्र द्यावं लागतं: लिहून देणारा मयत झालेला नाही, त्याने पत्र रद्द केलेलं नाही, आणि अन्य कोणत्याही कारणाने ते रद्दबातल ठरलेलं नाही. मुलगा बेधडक सही ठोकतो. मयत नाही, खरं. रद्द केलेलं नाही, तेही खरं. तिला आता ‘रद्द’ म्हणजे काय हेच कळत नाही. गेल्या दिवाळीपासून ती त्याला स्वतःचा भाऊ समजते, ही गोष्ट ‘अन्य कोणत्याही कारणाने’ या तीन शब्दांत आरामात मावते. आई हयात आहे का, हे कागद विचारतो. आई कशी आहे, हा रकाना छापलेला नाही. त्यात समोरच्याला मुखत्यारी संपल्याचं ठाऊक नसेल तर कलम २०८ त्याच्या बाजूने उभं राहतं. घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, पण समोरच्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हे फक्त आपल्यासारख्या साध्या माणसांचं होतं असं समजू नका. मे १९७४ मध्ये ज्यांच्या हाकेवर देशभरची रेल्वे थांबली, ज्यांनी १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं, त्या जॉर्ज फर्नांडिसांना शेवटी अल्झायमरने गाठलं. मग त्यांना कुणी सांभाळायचं, कुलमुखत्यारी कुणाकडे, मिळकतीचं काय, भेटायला कुणी यायचं, यावरून पत्नी-मुलगा एका बाजूला आणि भाऊ व जुन्या सहकारी दुसऱ्या बाजूला, असं प्रकरण दिल्लीच्या न्यायालयात गेलं. जुन्या सहकाऱ्याला भेटायला पंधरवड्यातून पंधरा मिनिटं मिळतील, हे २०१२ साली न्यायालयाला ठरवून द्यावं लागलं. जॉर्ज २९ जानेवारी २०१९ ला गेले. ज्यांनी आयुष्यभर हजारो कामगारांच्या वतीने सह्या केल्या, त्यांच्या वतीने सही कुणी करायची यावर घरात एकमत नव्हतं. त्यांच्याकडे काही बुलेट ट्रेनचं स्टेशन नव्हतं.

आपल्याकडे ते आहे. शिवाय आपल्याकडे ‘नोटरीवरची रूम’ आहे. एमआयडीसीच्या आजूबाजूला कितीतरी कामगारांनी चाळीतली खोली अशीच घेतलेली: नोटरीचा करार, सोबत मूळ मालकाची पॉवर, आणि “सगळे असेच घेतात” हा धीर. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्वच्छ सांगितलं, की कुलमुखत्यारपत्राने मालकी येत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. निकाल आला, लोकांनी पेपरात वाचला, आणि दुसऱ्या दिवशी दलालाने कागदात ‘कधीही रद्द न होणारे’ असे चार शब्द वाढवले. मोबदला घेतला, मुखत्याराचा स्वतःचाच हितसंबंध आहे, असंही लिहिलं, कारण कलम २०२ मध्ये तेवढी एक फट आहे. तरीही मालक म्हातारा असला की खोलीवाल्यांच्या जिवाला घोर. एकेका म्हाताऱ्याच्या तब्येतीची चौकशी त्याच्या मुलांपेक्षा तीस-चाळीस खोलीवाले जास्त करतात. खोकला वाढला की चाळीत कुजबुज सुरू. इतकी आपुलकी वृद्धाश्रमातही मिळायची नाही.

पूर्वेला डोंगराकडे गेलं की पॉवरचा वेगळाच उपयोग सुरू होतो. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि विक्रीला तर सरकारचीही मान्यता लागते. महसूल संहितेचं कलम ३६-अ त्यासाठीच आहे. मग विक्री कशाला म्हणायची? ‘देखभाल’ म्हणायचं. म्हातारा थकलाय, त्याला जमीन बघवत नाही, म्हणून शहरातल्या एका दयाळू साहेबाच्या नावे पॉवर. साहेब देखभाल करतो. आधी कुंपण घालतो, मग बोअर मारतो, मग स्विमिंग पूल. म्हातारा त्याच जमिनीवर रखवालदार म्हणून राहतो आणि सातबाऱ्यावर मालक म्हणूनही. एका माणसाला एका जागी दोन पदं, पगार एकाचाच.

आता कुणी म्हणेल, नाती पूर्वी अशी नव्हती. पूर्वी काय होतं? ज्यांच्या राज्यात चिमाजीअप्पाच्या मोहिमेत १७३९ साली तारापूरचा किल्ला घेतला गेला, ते शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा अशा आशयाच्या दोन याद्या लिहून दिल्याचं सांगतात. पुढच्याच वर्षी ज्या रामराजांना नातू म्हणून पुढे आणलं, त्यांनाच ताराबाईंनी साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवलं आणि हा आपला नातूच नव्हे म्हणाल्या. गादी साताऱ्यात राहिली, कारभार पुण्याला गेला. अंथरुणावर असलेल्या माणसाकडून लिहून घेतलेल्या कागदांनी इतिहास घडतो, घर चालत नाही.

मग निवडायचं कसं? माझ्याकडे एक स्वस्त परीक्षा आहे. त्याच करार अधिनियमाचं कलम २१३ सांगतं, की नेमणाऱ्याने मागितला की मुखत्याराने चोख हिशेब द्यायचा. सगळ्या उमेदवारांना एका खोलीत बसवा, चहा द्या, हे कलम मोठ्याने वाचा आणि त्याला आपली अट जोडा: “आईच्या पैशाचा दर महिन्याचा हिशेब लिहायचा, आणि बाकीच्या भावंडांनी मागितला की दाखवायचा.” मग कागदाकडे नाही, चेहऱ्यांकडे बघा.

मोठा म्हणेल, “माझ्यावर विश्वास नाही?” विश्वास असलेल्या माणसाला हिशेब जड जात नाही, विश्वासाचं नाव काढून जो हिशेब टाळतो, त्याला बाजूला बसवा. काका म्हणतील, “आपल्या घराण्यात असलं कधी लागलं नाही.” घराण्याचे बांधाचे किती दावे चालू आहेत, ते त्यांना विचारा. ‘आपला माणूस’ घड्याळ बघेल आणि म्हणेल, आधी सह्या उरकून घेऊ. त्याचा चहा झाला की त्याला गेटपर्यंत सोडायला जा आणि गेट लावून घ्या. आणि कुणीतरी एक विचारेल, “वही कोणती वापरायची?” तो धाकटा असेल, मुलगी असेल, यादीत नसलेली सून असेल. निवड तिथेच झाली. जमीन विकायला कुणालाही उत्साह असतो. लाइट बिल भरायला, पथ्याची भाजी आणायला आणि त्याची पावती जपायला ज्याला कंटाळा येत नाही, तो मुखत्यार.

एकाला देऊन बाकीचे रुसत असतील तर सगळ्यांना मिळून देऊ, हा मोह फार होतो. बारभाईची खेती, काय लागेल हाती. संयुक्त सही म्हणजे आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे काढायला न्यू जर्सीत सकाळ व्हायची वाट बघायची. त्यापेक्षा कामं वाटा. रोजचा खर्च, औषधं, बिलं, पेन्शनचा नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला, एवढ्यासाठी एकटी सही पुरे. जमीन विकणे, गहाण टाकणे आणि मोबदला घेणे, यासाठी दोघांची. ‘वर लिहायचं राहिलं असेल तेही सगळं’ ही ओळ खोडा. दस्तलेखक नाराज होईल. त्याला सवय आहे.

आई कचेरीत जाऊ शकत नसेल तर निबंधक घरी येऊ शकतो, १९०८ च्या नोंदणी कायद्यात तशी सोय आहे. त्याच दिवशी डॉक्टरचा दाखला घ्या, की बाईंना समजतंय. निबंधक बोलत असताना सगळ्या उमेदवारांनी ओट्यावर जाऊन बसावं. बँकेला तिचा स्वतःचा नमुना लागतो, तो वेगळा भरा. खात्यावर दुसरं नाव, वारसनोंद आणि मृत्युपत्र हे त्याच आठवड्यात उरका, कारण मधल्या मुक्या वर्षांत पॉवर उपयोगी पडणार नाही. आणि विश्वास उडाला तर रद्दपत्र करून मुखत्याराला, बँकेला, निबंधकाला कळवा, पेपरात जाहीर नोटीस द्या. मनातल्या मनात रद्द केलेली पॉवर कायद्याला दिसत नाही.

आई सगळं मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देते म्हणाली, तर तिला तिथेच थांबवा. द्यायचंच असेल तर ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ ही ओळ कागदात हवी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्या ओळीच्या जोरावर बक्षीस परत फिरवू शकतं. ती ओळ घालताना एखादा मुलगा दुखावला, तर सांभाळ कसा होणार होता ते आधीच कळलं, मुद्रांक वाचला.

एक प्रश्न कुणीच विचारत नाही. आईला कोण हवंय? ती म्हणेल, “तुम्ही ठरवा, मला काय कळतंय.” तिला सगळं कळत असतं. कोण आलं की तिचा आवाज बदलतो, कुणासमोर ती पासबुक उशीखाली सारते, हे बघितलं तरी पुरे. आत्ता कळतंय तोवरच विचारा, कारण कलम २०१ दारात उभं आहे आणि ते बेल वाजवून येत नाही.

हे सदर कापून आजच कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. कोणी “छान लेख” म्हणेल, त्याने वाचलेला नाही. कोणी नुसता अंगठा दाखवेल, तो अंगठा सध्या तरी त्याचाच आहे. आणि जो लगेच फोन करून विचारेल, “हे आत्ताच का टाकलंस? तुझ्या मनात काय आहे?”, त्याचं नाव यादीतून पेनाने खोडा. पेन्सिलीने नको.